झेटाबाइटांचे दप्तर कुणाच्या हाती?

गेली काही वर्षे एक आकडा देशोदेशींच्या परिषदांतून, मंत्र्यांच्या भाषणांतून आणि कंपन्यांच्या अहवालांतून मोठ्या दिमाखाने मिरविला जात आहे. मानवजात २०२५ साली १७५ झेटाबाइट इतकी माहिती निर्माण करील, असे भाकीत २०१८ च्या नोव्हेंबरात करण्यात आले आणि तेव्हापासून, जणू कोणी ते तराजूत घालून मोजले आहे अशा थाटात, त्याचा उच्चार होत आला आहे. एक झेटाबाइट म्हणजे एकावर एकवीस शून्ये इतके बाइट. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संख्यानामे परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी, संपतात. त्या मापाने एक झेटाबाइट म्हणजे दहा हजार परार्ध आणि १७५ झेटाबाइट म्हणजे साडेसतरा लाख परार्ध! असा आकडा ऐकला की सामान्य माणसाची छाती दडपते आणि छाती दडपलेला माणूस सहसा प्रश्न विचारीत नाही.

आकड्यांपुढे न दबण्याची शिकवण समाजवादी चळवळीला नवी नाही. १९६३ च्या ऑगस्टात डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत सांगितले की, या देशातील सत्तावीस कोटी माणसे दररोज तीन आण्यांवर जगत आहेत. पंतप्रधान नेहरूंनी उत्तर दिले की, दरडोई उत्पन्न पंधरा आणे आहे. पंधरा आण्यांची ती सरासरी काढताना गिरणीमालकाची आणि शेतमजुराची मिळकत एकाच पोत्यात कोंबली गेली होती. लोहियांचे म्हणणे एवढेच होते की, पोत्याचे तोंड सोडा आणि त्यात कुणाचे किती आहे ते दाखवा. आज ‘मानवजात इतकी माहिती साठविते, इतकी पाठविते’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ‘मानवजात’ हा शब्दही तशाच पोत्याचे काम करीत असतो. म्हणून तोच जुना प्रश्न नव्याने विचारला पाहिजे. हे मोजले कोणी? काय मोजले? आणि मोजलेला साठा आहे कुणाच्या मालकीचा?

मोजणारा कोण?

प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की, माहितीची मोजदाद करणे हा उद्योग मुळात निरर्थक किंवा लबाडीचा नाही. जपानच्या टपाल व दूरसंचार मंत्रालयाने १९७० च्या दशकात माहितीप्रवाहाची गणना हाती घेतली. ती सरकारी गणना होती आणि तिच्यात शब्द मोजले जात. त्याच धर्तीवर अमेरिकेतील इथिएल द सोला पूल यांनी १९६० ते १९७७ या काळातील सतरा माध्यमांचा हिशेब मांडून तो १९८३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी एक मार्मिक भेद केला होता. लोकांपुढे येणारे शब्द दरसाल ८.९ टक्क्यांनी वाढत होते, परंतु लोकांनी प्रत्यक्षात वाचलेले वा ऐकलेले शब्द केवळ २.९ टक्क्यांनी वाढत होते. म्हणजे ज्या माणसासाठी हा खटाटोप, तो माणूस त्या गणितात अजून शिल्लक होता.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पीटर लायमन आणि हॅल व्हॅरियन यांनी २००० आणि २००३ साली ‘माहिती किती?’ या प्रश्नाची उत्तरे दिली. २००२ या एका वर्षात सुमारे ५ एक्साबाइट, म्हणजे पाचावर अठरा शून्ये इतके बाइट, नवी माहिती कागद, चित्रफिती, चुंबकीय तबकड्या इत्यादींवर नोंदली गेली असा त्यांचा अंदाज होता. विद्युत्-मार्गांनी वाहिलेली माहिती त्यांनी १८ एक्साबाइट धरली आणि तिच्यातील ९८ टक्के भाग दूरध्वनीवरील संभाषणांचा होता. या दुसऱ्या अभ्यासाला मायक्रोसॉफ्ट, इंटेल, एचपी आणि साठवणुकीची यंत्रे विकणारी ईएमसी अशा कंपन्यांचे अर्थसाहाय्य होते, आणि व्हॅरियन पुढे गूगलचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ झाले. अभ्यास प्रामाणिक होता याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु मोजणीची सूत्रे सरकारी खात्यातून निघून कोणत्या दिशेने चालली होती, हे यावरून ध्यानात येते.

२०११ साली मार्टिन हिल्बर्ट आणि प्रिसिला लोपेझ यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेली मोजणी आजवरच्या मोजण्यांत सर्वांत काटेकोर म्हणावी लागेल. १९८६ ते २००७ या काळातील सुमारे साठ तंत्रे त्यांनी हिशेबात घेतली. त्यांत पुस्तके, ध्वनिमुद्रिका, छायाचित्रे, कॅसेटी होत्या आणि संगणकाच्या तबकड्याही होत्या. २००७ साली जगाची साठवणक्षमता त्यांनी २९५ एक्साबाइट ठरविली आणि २००२ च्या सुमारास अंकीय साठ्याने जुन्या साठ्याला मागे टाकले असे दाखविले. आपण काय गृहीत धरले आणि का, हे त्यांनी उघडपणे मांडले. विद्वानांनी असेच वागावयाचे असते.

पण सभांतून मिरविला जातो तो आकडा या विद्वानांचा नव्हे. आयडीसी नावाच्या बाजार-संशोधन कंपनीने २००७ साली ‘डिजिटल विश्वा’चा पहिला अहवाल काढला तो ईएमसीच्या पैशाने. २०१७ आणि २०१८ चे अहवाल काढले ते सीगेटच्या पैशाने, आणि सीगेट ही कंपनी माहिती साठविण्याच्या तबकड्या बनविते. धान्याच्या कोठ्या विकणारा व्यापारी जर गावोगाव सांगू लागला की यंदा पीक इतके येणार की तुमच्या घरात मावणार नाही, तर शेतकरी त्याला हसून विचारील की, बाबा रे, तुला कोठ्या खपवावयाच्या आहेत काय? खेड्यातील माणसाला जी शंका सहज येते ती आमच्या विद्वान मंत्र्यांना येत नाही, याचे नवल वाटते.

बरे, या आकड्यांची स्थिरता तरी पाहावी. एप्रिल २०१७ च्या अहवालात २०२५ सालासाठी १६३ झेटाबाइटांचे भाकीत होते. दीड वर्षाने त्याच सालासाठी ते १७५ झाले. वाढलेले १२ झेटाबाइट म्हणजे हिल्बर्ट-लोपेझ यांनी मोजलेल्या, अवघ्या जगाच्या २००७ मधील साठवणक्षमतेच्या सुमारे चाळीसपट! एकीकडे निर्मिती आणि दुसरीकडे साठा असल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही हे आम्ही जाणतो. परंतु ज्या अंदाजाच्या एका दुरुस्तीत असे चाळीस जगांचे साठे सहज सामावतात, त्याला मोजमाप म्हणावे की जाहिरात, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

आणि जे आकडे योग्य रीतीने काढले होते त्यांचे तरी काय झाले? ऑगस्ट २०१० मध्ये गूगलचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट यांनी एका परिषदेत सांगितले की, संस्कृतीच्या उदयापासून २००३ पर्यंत मिळून ५ एक्साबाइट माहिती निर्माण झाली आणि आता तेवढी दर दोन दिवसांत होते. हे वाक्य जगभर गाजले. लायमन आणि व्हॅरियन यांचे ५ एक्साबाइट मात्र २००२ या एका वर्षाच्या नव्या नोंदींचे होते. मोहेंजोदडोच्या मुद्रा, अशोकाचे शिलालेख, अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय, ज्ञानेश्वरी आणि सारी वर्तमानपत्रे त्या आकड्यात बसविण्याचा उपद्व्याप त्यांनी केलेला नव्हता. एका वर्षाची नोंद अवघ्या इतिहासाच्या माथी मारली गेली. का? तर मागचा सारा इतिहास चिमूटभर होता आणि जगाला खरा प्रारंभ आमच्यापासून झाला, असे सांगता यावे म्हणून.

मोजले काय?

आता मापाकडे वळू. १७५ झेटाबाइट हा आकडा ‘निर्माण केलेल्या, टिपलेल्या आणि प्रती काढलेल्या’ माहितीचा आहे. एकच चित्रफीत लाख जणांनी पाहिली तर ती लाख वेळा मोजली जाते. साठवणुकीशी त्याचा संबंध किती? आयडीसीनेच सांगितले आहे की, २०२० साली निर्माण झालेल्या वा प्रतिरूप काढलेल्या ६४.२ झेटाबाइटांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी माहिती २०२१ मध्ये जतन होऊन राहिली. बाकीची आली तशी गेली. तरीही सभेत आकडा सांगावयाचा तो सबंध!

दुसरे असे की, बाइट हे माप पात्राचे आहे, आतल्या पदार्थाचे नाही. मनुष्यजातीने आजवर उच्चारलेले सर्व शब्द लिहून काढले तर ५ एक्साबाइट होतील, असे एक वचन फार दिवस प्रचारात होते. भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी २००३ साली हिशेब करून दाखविले की, तेच शब्द ध्वनिरूपाने नोंदले तर ४२ झेटाबाइट होतील. बोलणारी माणसे तीच, बोलणेही तेच, आणि आकड्यात फरक काही हजार पटींचा! इतके दूर जाण्याचेही कारण नाही. संगणकाच्या प्रचलित लिपिसंकेतात रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आमची ‘भाकर’ बारा बाइटांची होते आणि इंग्रजांचा ‘ब्रेड’ पाच बाइटांत आटपतो. म्हणून आमच्या भाकरीत अडीचपट ज्ञान आहे असे कोणी म्हणणार आहे काय?

तुकोबांची सुमारे साडेचार हजार अभंगांची गाथा काही मेगाबाइटांत मावते. लग्नाच्या वरातीची एका मिनिटाची चांगल्या प्रतीची चित्रफीत तिच्याहून कितीतरी पटींनी भारी भरते. वरातीवर आमचा राग नाही, लोकांनी अवश्य नाचावे. पण ज्या मापाने वरात गाथेहून मोठी ठरते ते माप ज्ञानाचे, संस्कृतीचे किंवा प्रगतीचे माप म्हणून आमच्यापुढे ठेवू नये. ते वखारीचे माप आहे. वखारवाल्याला आत गहू आहे की भुसा याच्याशी कर्तव्य नसते, तो जागेचे भाडे घेतो. पूल यांच्या गणितात वाचणारा माणूस होता. आजच्या गणितात भाडे तेवढे उरले आहे.

वजन कशाचे?

या वखारीच्या हिशेबातील खरा अन्याय पाहावयाचा असेल तर आमच्या अंगणवाडीत यावे. सेविका मुलाला काट्यावर ठेवते, त्याचे वजन आणि उंची मोजते आणि केंद्र सरकारने २०२१ साली आणलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल-प्रणालीत भरते. नाव, वय, वजन, उंची ही सारी नोंद शे-दोनशे बाइटांची असेल. १७५ झेटाबाइटांच्या पर्वतावर ती धुळीच्या कणाइतकीही दिसणार नाही. परंतु मेळघाटातील एखाद्या पाड्यावर ते मूल पुढच्या पावसाळ्यापर्यंत जगेल की नाही हे त्या शे-दोनशे बाइटांत लिहिलेले असते, जर कोणी ते वाचले तर! वाचून आहार धाडला, डॉक्टर धाडला, तर ती नोंद माहिती होते. न वाचता साठविली, तर ती नुसती साठवण होते, मग तिचे आकारमान कितीही असो.

आणि ही नोंद करणारी कोण? जिच्या कष्टाला सरकार ‘वेतन’ म्हणण्यास तयार नाही, ‘मानधन’ म्हणते, ती बाई. २०२१ च्या ऑगस्टात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. निकृष्ट फोन, अपुरी साठवणक्षमता, दुरुस्तीचा खर्च पदरचा आणि इंग्रजीत भरावयाची माहिती, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. जगाची साठवणक्षमता परार्धांच्या भाषेत वाढत असल्याचे ढोल वाजत असताना, कुपोषित मुलाचे वजन नोंदविणाऱ्या बाईच्या हातातील यंत्रात जागा पुरत नव्हती! सरासरी म्हणजे काय ते या एका दृश्यावरून कळावे.

हिल्बर्ट-लोपेझ यांचा २००७ चा साठा जगाच्या लोकसंख्येने भागला तर माणशी सुमारे ६१ सीडी येतात. हे उत्तर गणिताच्या दृष्टीने बिनचूक आहे. पण त्या ६१ सीडी ऊसतोड कामगाराच्या कोपीत कोणी पाहिल्या होत्या? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मोजणीनुसार २०२४ सालीही जगातील सुमारे २६० कोटी माणसे इंटरनेटच्या बाहेर होती. ‘मानवजाती’च्या प्रवाहात त्यांचा वाटा शून्य, पण भागाकारात त्यांची डोकी मात्र धरलेली.

नवे वतन

महाराष्ट्राच्या खेड्यात दप्तराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जमीन कसणारा एक आणि तिची नोंद ठेवणारा दुसरा, अशी व्यवस्था येथे पिढ्यान् पिढ्या होती. कुलकर्ण्याच्या लेखणीने कुणब्याचे शेत कसे सरकत जाते याचे वाभाडे जोतीराव फुल्यांनी काढले ते उगाच नव्हे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारी शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुणे-नगरच्या गावोगाव पसरला, तेव्हा त्यांनी सावकारांच्या जिवावर फारसा हात टाकला नाही. त्यांनी कर्जखते मागितली आणि जाळली. निरक्षर शेतकऱ्याला पुरते ठाऊक होते की, आपला गळा आवळणारा दोर कागदाचा आहे. पुढे स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या कायद्याने, कुलकर्णी वतने रद्द झाली आणि दप्तर पगारी तलाठ्याच्या, म्हणजे निदान तत्त्वतः लोकांना जबाबदार असणाऱ्या नोकराच्या हाती आले.

आज वतनदारी परत आली आहे, फक्त गाव बदलून जग झाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २०२१ च्या अहवालात नमूद केले की, जगातील अतिविशाल डेटा सेंटरांपैकी निम्मी अमेरिका आणि चीन या दोन देशांत आहेत, आणि सर्वांत मोठ्या डिजिटल कंपन्यांच्या बाजारमूल्यापैकी जवळजवळ ९० टक्के याच दोन देशांतील कंपन्यांचे आहे. माहिती पिकविणारे कोट्यवधी, साठविणारे मूठभर. आपण कुठे गेलो, काय विकत घेतले, कुणाशी बोललो, रात्री किती वाजता जागे होतो, याची नोंद आपण स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या खर्चाने करून देतो आणि तिच्या मालकीवर पाणी सोडतो. जुन्या कुलकर्ण्याला निदान स्वतः लिहावे लागत होते!

या साठ्याला ‘क्लाउड’, म्हणजे ढग, असे गोंडस नाव दिले आहे. ढगाला जमीन लागत नाही, पाणी लागत नाही, वीज लागत नाही. या ढगाला तिन्ही लागतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या वीजवापराचा हा सुमारे दीड टक्का झाला आणि ढोबळ मानाने भारताच्या एकूण वीजवापराचा पाव हिस्सा. २०३० पर्यंत तो आकडा ९४५ टेरावॉट-तासांच्या घरात जाईल असे ती संस्था म्हणते. तो ढग आमच्याही डोक्यावर उतरला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एके काळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला की रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखान्यांतून कामगारांचे लोंढे बाहेर पडत, तेथे ऐरोली, रबाळे, महापे भागांत डेटा सेंटरांच्या निर्मनुष्य इमारती उभ्या राहिल्या आहेत. देशातील अशा केंद्रांच्या क्षमतेचा सर्वांत मोठा हिस्सा मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे. राज्य सरकारने २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात या उद्योगाला सवलती दिल्या. सवलती जनतेच्या तिजोरीतून, वीज जनतेच्या वाट्यातून, आणि आतला साठा? त्याचा हिशेब विचारण्याची मुभा जनतेला नाही.

जे मोजले गेले नाही

या सर्व गणितातील सर्वांत मोठा आकडा मात्र कुठेच छापला जात नाही. तो आहे न मोजलेल्या गोष्टींचा. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबून, टाळेबंदीत पायी मध्यप्रदेशाकडे निघालेली ती माणसे होती. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. चार महिन्यांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, लोकसभेत विचारले गेले की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले? श्रममंत्रालयाने उत्तर दिले की, अशी माहिती ठेवलेली नाही. प्रत्येकाच्या खिशातील फोन तो कुठे उभा आहे हे मिनिटामिनिटाला कंपनीला कळवीत होता. मजूर कुठे चालले आहेत हे यंत्राला ठाऊक होते. मेले किती हे मात्र सरकारला ठाऊक नव्हते! साठवणक्षमता नव्हती म्हणून हे घडले असे कोणी म्हणेल काय?

२०२१ ची जनगणना झाली नाही आणि ती २०२७ वर गेली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी, महायुद्धाच्या काळातही, घेतली गेलेली शिरगणती प्रथमच अशी चुकली. यात आकडेशास्त्राच्या हौसेचा प्रश्न नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील रेशनचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवरून ठरलेला असल्यामुळे त्यानंतर वाढलेली माणसे त्यात धरली गेली नाहीत. दहा कोटींहून अधिक लोक अशा रीतीने रेशनबाहेर राहिल्याचा अंदाज ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदी अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडला होता. सबंध देशाची शिरगणती एका मध्यम आकाराच्या संगणकात मावेल. पण तिच्यात दहा कोटी पोटांचा हक्क आहे.

आणि जे नोंदले गेले आहे ते पाहण्याचा हक्क तरी? राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया भरवून मजुरांचे हजेरीपट गावापुढे वाचून दाखविले. मेलेल्या माणसांच्या नावे उचललेली मजुरी तेथे उघडी पडली. त्या हजेरीपटांचे आकारमान काही किलोबाइट असेल, पण त्यातून देशाला २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा मिळाला. आता २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने त्याच कायद्याच्या कलम ८ (१) (ञ) मध्ये बदल करून ‘व्यक्तिगत माहिती’ सरसकट नाकारण्याची सोय केली आहे. व्यापक लोकहिताची अट कलम ८ (२) मध्ये शिल्लक आहे असे सरकार सांगते, पण ती सिद्ध करण्यासाठी हजेरीपट मागणाऱ्या मजुराने अपिलांच्या पायऱ्या झिजवावयाच्या. याच कायद्याच्या कलम १७ खाली सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातून मोकळे करता येते. म्हणजे नागरिकाविषयीची माहिती सरकारला खुली आणि सरकारविषयीची माहिती नागरिकाला बंद. संरक्षणाच्या नावाखाली दप्तराला आतून कडी घातली गेली आहे.

आक्षेप आणि उत्तर

कोणी म्हणेल की, हे जुन्या समाजवाद्यांचे यंत्रद्वेषाचे तुणतुणे आहे. ज्या फोनवर शेतकरी बाजारभाव पाहतो, कामगार आपल्या सभेचा निरोप धाडतो, परगावी गेलेला मुलगा आईशी बोलतो, तो फोन तुम्हांला नको आहे काय? हा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ नये म्हणून कामगार चळवळीने तीव्र लढा दिला. नोकऱ्यांबद्दलची ती भीती खरी होती, पण यंत्र दाराबाहेर ठेवून प्रश्न सुटेल ही समजूत चूक ठरली. यंत्र आले, आणि ते कुणाच्या अटींवर येणार याची चर्चा आपण केली नसल्यामुळे मालकाच्या अटींवर आले. तीच चूक पुन्हा करावयाची नाही. आईशी बोलणारा मुलगा आम्हांस हवाच आहे. लायमन आणि व्हॅरियन यांच्या गणनेत प्रवाहाचा जवळजवळ सबंध भाग अशा बोलण्याचाच होता. त्या बोलण्याचे वतन दुसऱ्याच्या नावावर चढावे, हे आम्हांस नको आहे.

म्हणून चळवळीने काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, माहितीच्या साठ्याची आणि वहनाची गणना सरकारी सांख्यिकी यंत्रणेने करावी. महालनोबिसांनी ज्या देशात राष्ट्रीय नमुना पाहणी उभी केली, त्या देशाला तबकड्या विकणाऱ्या कंपनीच्या आकड्यांवर विसंबण्याची गरज नाही. दुसरी, प्रत्येक डेटा सेंटरची क्षमता, वीज, पाणी आणि त्याला मिळालेल्या सवलती यांची नोंद जाहीर असावी. तिसरी, जनगणना यापुढे लांबणीवर पडू नये आणि रेशनचा कोटा तिच्या आकड्यांनुसार तत्काळ वाढावा. चौथी, माहिती अधिकाराच्या कायद्यातील जुने कलम पूर्ववत करावे. पाचवी, नोंद करणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या आणि आशा कार्यकर्तीच्या श्रमाला वेतन म्हणावे आणि वेतनच द्यावे.

आपल्या गावांत चावडीवाचनाची पद्धत आहे. तलाठी दप्तर घेऊन चावडीवर बसतो, सातबारा मोठ्याने वाचतो, आणि ज्याचे नाव चुकले असेल तो तेथल्या तेथे उठून हरकत घेतो. जगाच्या या नव्या दप्तराचेही चावडीवाचन झाले पाहिजे. ते किती झेटाबाइटांचे आहे हे त्यानंतर सावकाश मोजता येईल. आधी त्यात कुणाचे नाव कुणी, कशासाठी आणि कुणाच्या परवानगीने लिहिले, आणि कुणाचे लिहिलेच नाही, ते वाचून दाखवा. हरकत घेण्यासाठी उभे राहणारांची रांग मोठी असेल, आणि ती लावण्याचे काम आपल्या कार्यकर्त्यांना तालुक्या-तालुक्यांत करावे लागेल.